मशीन उठलं, पण पिंग होत नाही

रविवारी रात्री साडेदहाची वेळ. देखभालीसाठी बंद ठेवलेला मोठा सर्व्हर पुन्हा सुरू केलेला असतो आणि त्याच्या पोटातली आभासी मशीन्स एकेक करून उठत असतात. ऑफिसात एकच माणूस, समोर काळा पडदा. पडद्यावर हिरव्या अक्षरांतले ‘ओके’ भराभर वर सरकत जातात आणि एका ओळीशी येऊन सगळं थबकतं. नेटवर्क इंटरफेस उभे करण्याचं काम चालू आहे, एवढंच ती ओळ सांगते. डाव्या कडेला चौकटी कंसात लाल तारका इकडून तिकडे सरकत राहतात. उजवीकडे सेकंद मोजले जातात आणि त्यांच्यापुढे कमाल मुदत लिहिलेली असते, पाच मिनिटं. ज्यांनी डेबियन किंवा जुनं उबुंटू सांभाळलं आहे त्यांना ही पाच मिनिटं तोंडपाठ असतात. मुदत संपते, लाल अक्षरांत ‘फेल्ड’ उमटतं आणि मग लॉगिनची ओळ येते.

म्हणजे मशीन उठलं. शेजारच्या मशीनवरून पिंग करून पाहावं, तर उत्तर नाही.

ज्याला हे निस्तरायचं असतं तो माणूस पुढचा तासभर आजच्या रात्रीत चूक शोधतो. आज काय बदललं, आज कोणी हात लावला? बहुतेक वेळा चूक आजची नसतेच. सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी घाईत आयपी बदललेला असतो, वर्षापूर्वी कोणीतरी हे मशीन दुसऱ्यावरून क्लोन केलेलं असतं. तेव्हापासून आजपर्यंत ते एकदाही रीबूट झालेलं नसतं. बिघाड तेव्हाच झाला होता, तो दिसायला मशीन बंद होऊन चालू व्हावं लागलं. मशीन चालू असणं आणि ते पुन्हा चालू होऊ शकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या बहुतेक संस्था पहिली रोज तपासतात आणि दुसरी कधीच तपासत नाहीत. ही सवय बदलायला हवी.

आभासी मशीन ही काही नवी कल्पना नाही. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० बाजारात आणलं, तेव्हापासून एका खऱ्या यंत्रात अनेक खोटी यंत्रं नांदत आली आहेत. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने हा प्रकार साध्या पीसीवर आणला, २००६ मध्ये ॲमेझॉनने अशी मशीन्स तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि २००७ मध्ये केव्हीएम हे तसंच सॉफ्टवेअर थेट लिनक्सच्या गाभ्यात गेलं. आज बँकेचं ॲप, रेल्वेचं तिकीट, इस्पितळाची नोंदणी यांच्यामागे बहुधा अशीच मशीन्स असतात.

या मशीनचं नेटवर्क कार्डही खोटंच असतं. आभासी मशीन्स चालवणारा प्रोग्राम, म्हणजे हायपरव्हायजर, ते सॉफ्टवेअरने बनवतो आणि त्याला एक मॅक पत्ताही देतो. अनुभवी माणूस पहिल्या तीन जोड्या पाहून मशीनचं घराणं सांगतो: ००:५०:५६ असेल तर व्हीएमवेअर, ५२:५४:०० असेल तर केव्हीएम, ०८:००:२७ असेल तर व्हर्च्युअलबॉक्स. खरं कार्ड बदलायचं तर स्क्रूड्रायव्हर लागतो. आभासी कार्ड एका क्लिकमध्ये बदलतं, आणि पुष्कळदा ते बदललं आहे हे आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायचं राहून जातं. बूटच्या वेळच्या पुष्कळ तक्रारींचं मूळ इथे सापडतं.

सेंटओएस ६ चं उदाहरण घ्या. एकदा पाहिलेलं कार्ड लक्षात राहावं म्हणून ही सिस्टिम एका फाइलीत नोंद ठेवायची: अमुक मॅक पत्त्याचं कार्ड म्हणजे ‘ईटीएच-०’. खऱ्या यंत्रावर ही सोय उत्तम होती. पण मशीन क्लोन केलं की हायपरव्हायजर नव्या प्रतीला नवा मॅक देतो आणि जुनी फाइल मात्र जशीच्या तशी प्रतीत येते. मग बूट होताना ‘ईटीएच-०’ हे नाव मूळ मशीनच्या कार्डासाठी राखून ठेवलेलं, नवं कार्ड ‘ईटीएच-१’ झालेलं आणि सगळी सेटिंग ‘ईटीएच-०’च्या नावावर लिहिलेली. ‘ईटीएच-०’ जागेवर दिसत नाही म्हणून काम थांबवलं आहे, अशा अर्थाची एक ओळ पडद्यावर येते. ही ओळ पाहून काहींनी केबल बदलून पाहिली, काहींनी स्विचचं पोर्ट. इलाज होता ती नोंदीची फाइल पुसून सेटिंगमधला जुना मॅक काढण्याचा. फार तर दोन मिनिटांचं काम, पण कुठे पाहायचं ते माहीत असेल तर.

या नावांच्या गोंधळावर तोडगा म्हणून लिनक्समधल्या सिस्टमडी या प्रणालीने जानेवारी २०१३ मध्ये वेगळी पद्धत आणली. कार्ड कोणत्या खाचेत बसलं आहे त्यावरून त्याचं नाव ठरायला लागलं. ‘ईएनएस-३३’सारखी नावं तिथून आली. पण आभासी मशीनमध्ये खाचाही आभासीच असतात. एखादं जादा उपकरण जोडलं की कधी कधी क्रमांक एकाने सरकतो, कार्डाचं नाव बदलतं आणि सेटिंग पुन्हा नसलेल्या नावावर लटकते.

क्लोनचा दुसरा घोटाळा जास्त फसवा आहे. सिस्टमडी वापरणाऱ्या प्रत्येक लिनक्स मशीनची ‘मशीन-आयडी’ नावाची एक ओळख असते आणि क्लोन करताना ती पुसली नाही, तर दोन मशीन्स एकच ओळख घेऊन फिरतात. उबुंटू १८.०४ पासून डीएचसीपीकडे आयपी मागताना मॅकऐवजी या मशीन-आयडीवरून बनवलेली खूण पुढे केली जाऊ लागली. डीएचसीपी सर्व्हरला वाटतं, तोच गडी पुन्हा आला. तो दोघांनाही एकच आयपी देऊन मोकळा होतो. मॅक वेगवेगळे, आयपी एक. पिंगला कधी हे मशीन उत्तर देतं, कधी ते, आणि प्रत्यक्ष काम मात्र मध्येच तुटत राहतं. ‘नेट कधी चालतंय, कधी नाही’ अशी तक्रार येते आणि माणसं दिवसभर वायफायला दोष देत बसतात.

विंडोजचंही तेच. आभासी मशीन एका हायपरव्हायजरवरून दुसऱ्यावर हलवलं की जुनं कार्ड नजरेआड जातं, पण रजिस्ट्रीत शिल्लक राहतं आणि त्याच्या नावावरचा स्टॅटिक आयपीही. नव्या कार्डाला तो आयपी द्यायला जावं, तर हा पत्ता आधीच दुसऱ्या ॲडॅप्टरकडे आहे असं विंडोज सांगतं. तो दुसरा ॲडॅप्टर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं उघडून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

सगळ्यात साधं कारण मात्र घाईचं असतं. ग्राहक ओरडत असतो, म्हणून चालू मशीनवर कमांड देऊन आयपी जोडला जातो किंवा एखादा राउट टाकला जातो. काम लगेच सुरू होतं, फोन शांत होतात. पण हा बदल मशीनच्या मेमरीत असतो, फाइलीत उतरलेला नसतो. ‘नंतर टाकू’ म्हणून राहिलेली ती एक ओळ पुढच्या रीबूटला नाहीशी होते. कधी फाइलीत लिहिलेलंही टिकत नाही. क्लाउडवरच्या उबुंटू मशीनमध्ये नेटवर्कची फाइल क्लाउड-इनिट हा प्रोग्राम तयार करतो आणि इथले बदल रीबूटनंतर राहणार नाहीत, अशी सूचना फाइलीच्या माथ्यावरच छापतो. ती सूचना न वाचता खाली बदल करणारे अनेक आहेत. ही फाइल यामल पद्धतीची असते. तिच्यात दोन स्पेसच्या जागी एक टॅब पडला तरी अख्खी फाइल बाद होते.

हे सगळं लहान ऑफिसांचं, अर्धवट शिकलेल्या माणसांचं दुखणं आहे असं कोणी म्हणेल. गेल्या काही वर्षांतल्या दोन घटना वेगळंच सांगतात.

३० ऑगस्ट २०२२. उबुंटू १८.०४ साठी सिस्टमडीची एक सुरक्षा-दुरुस्ती आली आणि आपोआप अपडेट होणाऱ्या मशीन्सनी ती उतरवून घेतली. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर अशा मशीन्सचं नेटवर्क कार्ड त्याच्या ड्रायव्हरच्या नावावरून ओळखलं जात होतं. दुरुस्ती बसवताना कार्डाविषयीच्या नोंदी पुन्हा तयार झाल्या आणि त्यातून ड्रायव्हरचं नाव गळलं. नेटवर्क सांभाळणारी सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा तिला आपलं कार्डच ओळखू येईना. मशीन्स चालू राहिली, पण डीएनएस गेला. नावावरून पत्ता शोधता येत नसल्याने त्यांच्यावरच्या सेवा बंद पडल्या. मायक्रोसॉफ्टने सुचवलेला तातडीचा उपाय होता, मशीन रीबूट करा.

दुसरी घटना ८ मार्च २०२३ ची. डेटाडॉग ही कंपनी इतरांच्या सर्व्हरवर नजर ठेवण्याचा व्यवसाय करते. तिची मशीन्स तीन वेगवेगळ्या क्लाउडमध्ये, अनेक खंडांत विखुरलेली होती. एका ठिकाणी काही झालं तर दुसरं तगून राहावं, हाच त्यामागचा विचार. त्या सकाळी उबुंटू २२.०४ वर पुन्हा सिस्टमडीचीच एक सुरक्षा-दुरुस्ती आपोआप बसली. नेटवर्कची सेवा पुन्हा सुरू झाली आणि तिने ओळखीचे नसलेले राउटिंगचे नियम साफ केले. ते नियम कंपनी वापरत असलेल्या सिलियम या दुसऱ्या नेटवर्क प्रणालीने टाकलेले होते. हजारो मशीन्स तासाभरात नेटवर्कवरून गायब झाली. सेवा पूर्ववत व्हायला दुसरा दिवस उजाडला आणि कंपनीने पुढे सुमारे ५० लाख डॉलरचं नुकसान जाहीर केलं.

तीन क्लाउड एकाच वेळी कसे पडले? उबुंटूमध्ये आपोआप अपडेट बसवण्याची ठरलेली वेळ सकाळी सहाची असते आणि त्यात तासाभराचा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. सर्व्हरची घड्याळं जागतिक वेळेवर लावलेली, त्यामुळे न्यूयॉर्क असो की टोकियो, सहा ते सातचा तास सगळीकडे एकच. भारतात तेव्हा साडेअकरा ते साडेबारा वाजलेले असतात. ऑगस्टमधली अझूरची घटनाही याच सुमारास सुरू झाली होती. मशीन्स वेगवेगळ्या खंडांत ठेवली होती, पण वेळापत्रक सगळ्यांचं एकच होतं.

यातली एक गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. डेटाडॉगची नवी मशीन्स रोज बूट होत होती आणि नीट चालत होती, कारण बूटच्या क्रमात नेटवर्कची सेवा आधी सुरू होते आणि सिलियम नंतर येऊन आपले नियम टाकतो. साफ करण्यासारखं तेव्हा काही नसतंच. मशीन चालू असताना मधली एकच सेवा बंद होऊन पुन्हा सुरू झाली तर काय होतं, हे आधी कोणाच्या समोर आलं नव्हतं. घाईत आयपी बदललेल्या मशीनची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. ते चालतं उत्तम आणि रीबूटला पडतं. दोन्हीकडे तपासायची राहिली ती एकाच प्रकारची गोष्ट, म्हणजे बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची क्रिया. तिची वेगळी चाचणी घ्यावी लागते.

आता त्या रविवारच्या रात्रीकडे परत येऊ. पिंग होत नाही तेव्हा काय करावं? घाबरलेला माणूस आधी फायरवॉल बंद करतो, मग सगळं पुन्हा रीबूट करतो आणि मग गूगलवर सापडलेल्या कमांड एकामागून एक चालवतो. यात मूळ खूण पुसली जाते. शहाणा माणूस खालून वर जातो. आधी मशीनच्या बाहेर पाहतो: आभासी कार्ड जोडलेलं आहे का, व्हीएमवेअरमध्ये ‘पॉवर ऑन होताना जोडा’ ही टिक केलेली आहे का, व्हीलॅन बरोबर आहे का. केव्हीएम असेल तर मूळ यंत्रावरचं आभासी नेटवर्क आपोआप सुरू होण्यावर ठेवलंय का. केवळ ती एक टिक राहिल्यामुळे रात्र गेलेली माणसं या व्यवसायात पुष्कळ भेटतात.

मग तो कन्सोलवरून आत शिरतो. सिस्टिमला कार्ड दिसतंय का? त्याचं नाव आणि फाइलीतलं नाव एकच आहे का? कार्डाला आयपी मिळालाय का? १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजायचं की डीएचसीपीने उत्तर दिलं नाही आणि मशीनने स्वतःच पत्ता बनवून घेतला. त्यानंतर गेटवेला पिंग, मग बाहेरच्या एखाद्या आयपीला आणि सर्वांत शेवटी नावाने. आकड्याने पिंग होतं आणि नावाने होत नाही, तर दुखणं डीएनएसचं. या बूटचा लॉग सिस्टमडी जपून ठेवतो. तो वाचायला पाच मिनिटं लागतात आणि त्यात बहुधा कारण लिहिलेलं असतं.

पण कन्सोलवरून आत शिरता यायला हवं. क्लाउडच्या तयार इमेजमध्ये पासवर्ड बहुधा बंद असतो, लॉगिन एसएसएच कीने होतं आणि एसएसएच चालायला नेटवर्क लागतं. नेटवर्क पडलं की कन्सोलवर लॉगिनची ओळ दिसते, पण टाकायला पासवर्डच नसतो. दुरुस्तीची वाट बिघडलेल्या वस्तूवरूनच जाते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक जगभर सुमारे सहा तास बंद पडलं, तेव्हा त्यांच्या इंजिनिअरांचीही हीच कोंडी झाली होती. त्यांची नेहमीची अवजारं त्याच नेटवर्कवर आणि डीएनएसवर अवलंबून होती. लहान ऑफिसात याचंच छोटं रूप दिसतं: डीएचसीपी सर्व्हर हाच एक आभासी मशीन, तो ज्या यंत्रात राहतो ते यंत्र अजून उठलेलं नाही, आणि बाकी सगळे त्याच्याकडून आयपी मिळण्याची वाट पाहत बसलेले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली आणि लोकलही थांबल्या. अशा दिवशी बॅटरी आणि जनरेटरने दगा दिला, तर सगळं एकदम शून्यातून सुरू करावं लागतं. कोणी आधी उठायचं हा क्रम कागदावर लिहिलेला नसेल, तर तो त्या गोंधळात ठरवावा लागतो.

म्हणून आग्रह असा, की नेटवर्कचा कोणताही बदल त्याच बैठकीत, त्याच माणसाच्या देखत रीबूट करून पाहिल्याशिवाय पूर्ण झाला असं मानू नये. बदल काय केला ते डोक्यात ताजं असतं तेव्हा चूक पाच मिनिटांत सापडते. सहा महिन्यांनी तीच चूक शोधायला रात्र जाते, आणि तोवर बदल करणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. साधनंही हाताशी आहेत. उबुंटूच्या नेटप्लॅनमध्ये ‘ट्राय’ ही कमांड आहे. तिने नवी सेटिंग लागू होते आणि १२० सेकंदांत कोणी होकार दिला नाही, तर जुनी परत येते. क्लोन करण्याआधी मशीनची ओळख पुसण्यासाठी विंडोजमध्ये सिसप्रेप आहे, लिनक्ससाठी व्हर्ट-सिसप्रेप आहे. ही साधनं फुकट आहेत. ती वापरण्याची शिस्त मात्र लावून घ्यावी लागते.

यावर व्यवस्थापनाचं उत्तर ठरलेलं असतं: चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? या उत्तरात तथ्य नाही असं नाही. चोवीस तास चालणाऱ्या इस्पितळात रीबूट म्हणजे खरी जोखीम असते आणि मशीन उठलंच नाही, तर जाब रीबूट करणाऱ्याला विचारला जातो. पण रीबूट कायमचं टाळता येत नाही. वीज जाते, डिस्क मरते, सुरक्षेची दुरुस्ती येते. जे मशीन ठरवून, माणसं हजर असताना रीबूट करायची भीती वाटते, ते एक दिवस पहाटे तीन वाजता आपणहून रीबूट होणार आहे. ‘आमचा सर्व्हर सातशे दिवस बंद झाला नाही’ असं काही ठिकाणी अभिमानाने सांगतात. त्या सातशे दिवसांत झालेला प्रत्येक बदल न तपासलेला आहे आणि गाभ्याच्या कित्येक सुरक्षा-दुरुस्त्या बहुधा लागू झालेल्या नाहीत, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

जिथे पैशाचा थेट प्रश्न आहे तिथे हे मान्य झालं आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या आणि एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांत महत्त्वाच्या प्रणालींसाठी किमान सहा महिन्यांतून एकदा पर्यायी केंद्रावर जाण्याची तालीम सांगितली आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजार व्यवहाराच्या वेळेत काही तास बंद पडला होता. पुढे २ मार्च २०२४ च्या शनिवारी मुंबईतल्या दोन्ही मोठ्या शेअर बाजारांनी खास सत्र भरवलं. आधी नेहमीच्या केंद्रावरून व्यवहार झाले, मग त्याच दिवशी पर्यायी केंद्रावरून. खरे पैसे, खरे व्यवहार, आणि सगळं आधी जाहीर करून. जे शेअर बाजाराला जमतं ते जिल्ह्याच्या इस्पितळाला, नगरपालिकेला आणि सहकारी पतसंस्थेला त्यांच्या आकारात जमण्यासारखं आहे.

कॉलेजांनीही यात उतरावं. नेटवर्कचे सात थर पाठ म्हणून दाखवणारी मुलं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्या प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मुद्दाम बिघडवलेलं आभासी मशीन द्यावं: एकाला चुकीचं इंटरफेसचं नाव, दुसऱ्याला जुळी मशीन-आयडी, तिसऱ्याला यामलमधला टॅब. व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर दोन-तीन मशीन्स सहज चालतात. चाळीस मिनिटांत पिंग सुरू करून दाखवायचं आणि कारण मराठीत किंवा इंग्रजीत चार ओळींत लिहून द्यायचं. हे ज्याने पाच वेळा केलं आहे त्याचा हात रविवारी रात्री थरथरणार नाही.

ज्या ऑफिसांना सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल त्यांनी उद्या सकाळी प्रत्येक मशीनवर ‘अपटाइम’ ही कमांड चालवावी आणि किती दिवस झाले ते आकडे एका कागदावर उतरवावेत. शेजारी त्या मशीनचा मॅक, आयपी, गेटवे आणि कन्सोलचा पासवर्ड कोणाकडे आहे ते लिहावं. सर्वांत मोठ्या आकड्याचं मशीन आधी निवडावं, त्याचा बॅकअप घ्यावा आणि पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता, दोन माणसं आणि कन्सोल समोर असताना, ते रीबूट करावं. ते उठलं आणि पिंग झालं की कागदावर तारीख टाकावी आणि दुसऱ्या क्रमांकाचं मशीन घ्यावं.